चुटक्याच्या चाकाचं ठिगळ

चूक साळूकाकांची होती. दुसऱ्या कुणाचीही नाही.

साळूकाका म्हणजे साळिंदर. अंगभर लांब लांब काटे. आणि चुटक्या म्हणजे एवढुस्सा उंदीर. काका न विचारताच चुटक्याच्या सायकलवर मागे बसले.

"काका, काटे सांभाळा!"

"मला शिकवतोस? गप चालव!"

एक काटा गळला. टायरमध्ये घुसला. फुस्स्स!

काका उतरले. म्हणाले, "टायरच भंगार तुझा." आणि सावलीत जाऊन झोपले.

तिकडे शाळेपाशी, जांभळीखाली, चुटक्याची धाकटी बहीण मुटकी बसली होती. पाय मुरगळलेला. दादा न्यायला येणार होता. ऊन उतरायच्या आत.

चुटक्या निघाला सायकल ढकलत. फटक फटक, फटक फटक.

पाटाकाठी खेकडूतात्यांचं पंक्चरचं दुकान होतं.

"तात्या, तात्या, ठिगळ लावा!
ठिगळाशिवाय चाक फिरेना.
मुटकी वाट बघतेय!"

तात्या म्हणाले, "टाकून दे. नवा घे. परवा बाजार आहे."

"मुटकी आज बसलीय, तात्या! आणि भोक एकच आहे. एका भोकासाठी अख्खा टायर टाकायचा?"

तात्यांनी नांगीने टायर दाबला. "हं. जाड आहे अजून. लावतो ठिगळ. काटा काढू नकोस, भोक त्यावरूनच सापडतं. पण आधी वडाचा चीक आण."

फटक फटक, फटक फटक.

"वडोबा, वडोबा, चीक द्या!
चिकाशिवाय तात्या ठिगळ लावीनात.
ठिगळाशिवाय चाक फिरेना.
मुटकी वाट बघतेय!"

वडोबा म्हणाले, "मी सुकलोय. पाटात म्हैस आडवी बसलीय. आधी पाणी सोडव."

फटक फटक, फटक फटक.

"म्हसूमावशी, म्हसूमावशी, उठा!
पाण्याशिवाय वडोबा चीक देईनात.
चिकाशिवाय तात्या ठिगळ लावीनात.
ठिगळाशिवाय चाक फिरेना.
मुटकी वाट बघतेय!"

म्हसूमावशी म्हणाल्या, "हूंऽऽ. कानात गोचीड चावतोय. इथे गार वाटतंय. आधी बगळ्याला सांग."

फटक फटक, फटक फटक.

"बगळेबुवा, बगळेबुवा, गोचीड काढा!
गोचिडामुळे म्हसूमावशी उठेनात.
पाण्याशिवाय वडोबा चीक देईनात.
चिकाशिवाय तात्या ठिगळ लावीनात.
ठिगळाशिवाय चाक फिरेना.
मुटकी वाट बघतेय!"

बगळेबुवा म्हणाले, "माझ्याच मानेला खाज सुटलीय. तिथे चोच पोचत नाही. आधी साळूकाकांचा काटा आण."

परत काका! चुटक्याने दात खाल्ले. पण गेला.

फटक फटक, फटक फटक.

"काका, काका, काटा द्या!
खाजेमुळे बगळेबुवा गोचीड काढीनात.
गोचिडामुळे म्हसूमावशी उठेनात.
पाण्याशिवाय वडोबा चीक देईनात.
चिकाशिवाय तात्या ठिगळ लावीनात.
ठिगळाशिवाय चाक फिरेना.
मुटकी वाट बघतेय!"

काका एक डोळा उघडून म्हणाले, "नाही देत. आधीच एक कमी झालाय."

"झालाय ना! हा बघा कुठे आहे!"

चुटक्याने चाक फिरवलं. काटा काकांच्या नाकासमोर आला.

काका बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "चुकलं रे माझं."

त्यांनी अंग झाडलं. खळ्ळ! काटा पडला.

"बरं झालं, काका, दिलात!"

काट्याने बगळेबुवांची मान खाजवली. खर्र खर्र! "बरं झालं, बुवा, तुम्ही होतात!"

बुवांनी गोचीड काढला. टुच्च! म्हसूमावशी उठल्या. भदाक! "बरं झालं, मावशी, तुम्ही उठलात!"

पाणी सुटलं. खळखळ खळखळ! वडोबा पाणी प्यायले. चीक दिला. टप टप! "बरं झालं, वडोबा, तुम्ही होतात!"

तात्यांनी टायर उघडला. काटा उपटला. ट्यूब पाण्यात बुडवली. बुड बुड बुड! भोक एकच. घासलं, चीक लावला, ठिगळ दाबलं. थप्प! हवा भरली. फूस फूस फूस!

"बरं झालं, तात्या, टायर टाकला नाही!"

चुटक्या सुटला. सर्रर्र! ऊन अजून जांभळीवर होतं. मुटकी उठून उभी राहिली, एका पायावर.

"दादा! मला वाटलं, येतच नाहीस!"

"बस मागे. घट्ट धर."

ट्रिंग ट्रिंग!

साळूकाकांचे दोन काटे गेले. मागची सीट गेली. तिथे आता मुटकी बसते.