शीतळेचे वय

“तिचं वय किती होतं, एवढंच सांगा, आबा. बाकीचं मी लिहितो.”

“पाण्यातलं सांगू, की जमिनीवरचं?”

अच्युत मयेकर बंदराचा अधिकारी होता. सुकाणू धरायला मात्र तो याच म्हाताऱ्याकडून शिकला होता; वयाच्या बाराव्या वर्षी, शीतळेवर. शीतळा म्हणजे बंदराची लाकडी बंबनौका. खाडीत कुठे गलबत पेटले की धावणारी, समुद्राचेच पाणी ओढून आगीवर सोडणारी. आबा केळुसकर तीस वर्षे तिचे तांडेल, म्हणजे तिच्यावरचे प्रमुख खलाशी होते. आता तिच्या फासळ्या समोरच्या वाळूच्या दांड्यावर ओहोटीला उघड्या पडत. तिला बुडून अठरा दिवस झाले होते.

“पाण्यात बावन्न वर्षं,” आबा म्हणाले. “जमिनीवर तीन.”

“म्हणजे पंचावन्न.”

“त्यांची बेरीज होत नाही.”

“होते, आबा. शाळेत शिकवतात.”

“शाळेत हल्ली पोहायलाही शिकवतात म्हणे. फळ्यावर.”

अच्युत हसला नाही. त्याने पिशवीतून एक कागद काढला. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती येणार होती. कागदावर एकच परिच्छेद होता : नौका अतिजीर्ण होती, तिचे लाकूड आतून कुजलेले होते, त्यामुळे ती बुडाली. खाली जुन्या तांडेलाच्या सहीसाठी जागा सोडली होती.

आबांनी कागद वाचला. एकदा भरभर, दुसऱ्यांदा ओळीखाली बोट ठेवून.

“कुजलेलं...”



अच्युतला नरू आठवला. आबांचा एकुलता एक मुलगा. डिझेलच्या धक्क्याशी मासेमारीची बोट पेटली, त्या दिवशी बंदराची नवी पोलादी बंबनौका दुरुस्तीला गेली होती. तीन वर्षांपूर्वी निवृत्त करून ठेवलेल्या शीतळेला छपराखालून काढून पाण्यात लोटण्याचा हुकूम अच्युतचा. नरू तिच्या पंपावर उभा राहिला. अर्ध्या तासात तिच्या तळात गुडघाभर पाणी चढले. पंप एकच होता. तोच आपल्या तळाकडे वळवून पाणी उपसले असते, तर शीतळा कदाचित तरली असती. नरूने तो आगीवरच धरून ठेवला. जळत्या बोटीवरची अकरा माणसे धक्क्यावर उतरली. मग शीतळा गेली. नरू वर आला नाही.

“तुम्ही सही केलीत, तर कुणावरच ठपका येणार नाही,” अच्युत म्हणाला.

“कुणावरच?”

“जुनी होती, आबा. गेली.”

आबा उठले. झोपडीमागे एक लाकडी पिंप कित्येक महिने उन्हात पडले होते. उभ्या फळ्यांचे, लोखंडी कड्यांनी आवळलेले. त्यांनी ते लोळवत पुढे आणले.

“हे कुजलंय?”

अच्युतने पेनाच्या टोकाने फळ्या टोचून पाहिल्या. बोटांनी वाजवल्या.

“नाही. खणखणीत आहे.”

“भर.”

अच्युतने खाडीतून बादली आणून ओतली. पिंपाच्या प्रत्येक सांध्यातून पाण्याची धार लागली. त्याची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

“हे तर फुटकं आहे!”

“आत्ताच खणखणीत म्हणालास ना, मेल्या? भरत राहा.”

तो भरत राहिला. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक बाई क्षणभर थबकली. “काय ओ सायब, नोकरी सुटली काय? पाणी भरूक लागलात ता!” अच्युतने मान वर केली नाही. दहा बादल्या झाल्या, वीस झाल्या. आबा उंबऱ्यावर बसून नुसते पाहत होते.

उन्हे माडांच्या बुंध्यांवर उतरली, तेव्हा धारांचे थेंब झाले होते. मग एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापर्यंतचे अंतर वाढत गेले...

“कुठे खिळा ठोकलास?” आबांनी विचारले.

“नाही.”

“कुठे डांबर भरलंस?”

“नाही, आबा.”

“लाकूड प्यालं. फुगलं. सांधे मिटले. पिंपाला एक दुपार पुरते. बोटीला दोन दिवस तरी लागतात. तोवर ती चाळण असते.” ते थांबले. “आगीनं किती वेळ दिला?”

अच्युत ओल्या वाळूत बसला.

किनाऱ्यावर होडीला बाईमाणूस मानतात. पहिल्यांदा पाण्यात लोटताना तिची ओटी भरतात. तीन वर्षांपूर्वी अच्युतने शीतळेची ओटी कोरड्या जमिनीवर भरवली होती, तिच्या निवृत्तीच्या सत्काराला. पत्र्याचे छप्पर, निळा तैलरंग, नावाची पितळी पाटी, झेंडूचे हार. खाडीभर त्याचे कौतुक झाले. जुन्या वस्तूची कदर असलेला अधिकारी, असे सगळे म्हणाले; आणि ते खोटेही नव्हते. त्या तापत्या पत्र्याखाली शीतळा तीन उन्हाळे मोठ्या मानाने उभी होती.

त्याने कागद उलटा केला. मांडीवर धरून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले आणि मोठ्याने वाचले :

“नौका कुजलेली नव्हती. ती मी वाळवली. मीच तिला आगीवर पाठवली.”



“नोकरी जाईल,” आबा म्हणाले.

“जाईल.”

“‘ती मी वाळवली.’ त्यातला ‘मी’ खोड. ‘आम्ही’ लिही.”

अच्युतने ‘मी’ खोडून ‘आम्ही’ लिहिले.

“म्हणजे... तुम्ही मला क्षमा केलीत?”

आबांनी मान हलवली. नाही.

“सत्काराच्या दिवशी तिच्याशेजारी खुर्चीवर कोण बसलं होतं?”

“तुम्ही.” अच्युतला आठवले. शेवटचा जुना तांडेल म्हणून आबांच्या खांद्यावर त्यानेच शाल पांघरली होती. टाळ्या झाल्या होत्या. नरूने शिटी मारली होती.

“पहिल्याच उन्हाळ्यात मी तिच्या सांध्यात बोट घालून पाहिलं,” आबा म्हणाले. “पेरापर्यंत आत गेलं.”



“तुम्हांला ठाऊक होतं?”

आबांनी मान डोलावली.

“आबा, मग बोलला का नाहीत?”

भरती दांड्यावर चढत होती. एकेक फासळी पाण्याखाली जात होती. आबांनी कागद मागून घेतला, ‘आम्ही’ या शब्दाखाली सावकाश सही केली आणि पेन परत दिले.

“शाल उबदार होती, अच्युता.”