दोन ओंकारांमधली जागा

खूप जुनी गोष्ट. नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची. एका नदीच्या अलीकडे ओंकार जपणारं गाव होतं. पलीकडे ओक वृक्षांच्या राईत द्रुइड नावाचे लोक राहत. ते झाडांना देव मानत, तीन किरणांचं चिन्ह रेखत आणि 'अवेन' असा लांब सूर लावत.

त्या राईतली एक मुलगी अलीकडच्या नावाड्याला दिली. पहिल्याच सकाळी तिने दारावरच्या ॐ शेजारी तीन किरण काढले.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आमचं चिन्ह, सासूबाई."

"आमच्या ॐला शेजारी लागत नाही."

सुनेने मान डोलावली. चिन्ह पुसलं मात्र नाही.

गावच्या गुरुजींनी तिला बजावलं, "तो परका सूर नदीकाठी लावायचा नाही. ओंकार बाटेल."

थंडीतल्या एका सकाळी नदीवर दाट धुकं उतरलं. तिचा नवरा नाव घेऊन ऐन मध्यात, आणि खाली धबधबा. अशा वेळी गाव काठावर जमून ओंकार म्हणे. त्या आवाजाच्या रोखाने नाव किनारा गाठी. त्या दिवशीही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, एकदम सूर लावला, एकदम थांबले. शिस्तीचं गाव, बघा! पण ते थांबले की नदीवर काहीच ऐकू येईना, आणि त्या दिवशी धारेला ओढ नेहमीपेक्षा जास्त; तेवढ्यात ती नावेला खाली ओढून नेई. "कुठे आहात?" नवऱ्याची हाक दर वेळी आणखी खालून येऊ लागली.

सुनेला उमगलं. राईत सगळे एकदम श्वास घेत नसत. एकाचा सूर सरताना दुसऱ्याचा चालूच असे. ओंकार थांबला, तसा तिने सूर लावला, "अवेऽऽन..."

"गप्प बस!" गुरुजी कडाडले.

"नाही बसणार, गुरुजी. तुम्ही श्वास घ्या, तोवर मी आहे."

पुन्हा ओंकार झाला. पुन्हा ती. एकटीचा आवाज चिरकू लागला. तेव्हा सासूबाई तरातरा तिच्याजवळ गेल्या.

"कसं म्हणायचं गं ते? लवकर सांग. माझा मुलगा आहे तिथे!"

मग सूर तुटलाच नाही. हळूहळू धुक्यातून नावेचं टोक दिसलं. नवरा काठावरच्या चिखलात उतरला आणि तिथेच बसला.

गुरुजी सुनेजवळ आले. मग म्हणाले, "पुढच्या धुक्यात सुरुवात कुणी करायची? तू की आम्ही?"

"कुणीही करा. फक्त सगळे एकदम थांबू नका."

दुसऱ्याच्या सुराला जागा दिल्याने आपला मंत्र उणा होत नाही. तो जिथे पोचायला हवा, तिथे पोचतो.