वाकळीवरचा महामाळ

एका राज्यात डोंगरांच्या कुशीत चाळीस गावांचं एक खोरं होतं आणि खोऱ्याच्या उत्तरेला महामाळ पसरला होता. राजा मेघवर्म्याच्या आजोबांनी एकदा त्याच्या काठावर घोडा उभा केला आणि म्हटलं, "एवढासा तर माळ." माळाचा राखणदार जादूगार धूम्रकेश याने ते ऐकलं व शाप दिला, "या गादीला याचं मोठेपण उमजेपर्यंत इथे ज्या माणसावर सूर्य मावळेल, तो दगड होईल."

खोऱ्यातले माळ न्याहारी आणि जेवण यांच्या मधे ओलांडून होत. म्हणून महामाळापलीकडचं मीठ आणायलाही लोक पहाटे दोन भाकरी बांधून निघत. म्हणत, दिवसाउजेडी पोहोचू. खोऱ्यात सगुणा नावाची बाई जुन्या कापडांच्या तुकड्यांची वाकळ शिवायची. तिचा धाकटा भाऊ रायाजीही तसाच हसत गेला आणि दगड झाला.

शाप उठावा म्हणून राजाने धूम्रकेशाकडे पंडित पाठवले. त्यांनी माळाच्या कोसांचा लांबलचक आकडा सांगितला. धूम्रकेश म्हणाला, "आकडा खरा आहे. पण तो ऐकून तुमच्यापैकी कोणाच्या अंगावर काटा आला?" पंडित खाली मान घालून परतले.

तेव्हा सगुणा माळाच्या काठावरच्या टिटवीकडे गेली.

"टिटवीबाई, आमच्या खोऱ्यावरून उडायला तुला किती वेळ लागतो?"

"लांबीला एक सकाळ, रुंदीला एक. आम्ही पाय वर करून आभाळ पेलतो बाई, खोऱ्याचं काय सांगतेस."

"मग महामाळ उडून ये, आणि किती सकाळी लागल्या ते मोजून सांग."

टिटवी बावीस दिवसांनी आली. चोच उघडी, पंख लोंबते. "लांबीला बारा, रुंदीला दहा," ती म्हणाली, "आणि आभाळाचं मी पुन्हा बोलणार नाही."

सगुणेने तिला ओंजळीने पाणी पाजलं. मग ती चाळीस गावं फिरली आणि प्रत्येक गावातून जुन्या लुगड्याचे तीन तुकडे मागितले. एकीने लग्नातलं लुगडं फाडून दिलं. "माझा धनी आहे तिथे," एवढंच बोलली. बारा दाहे एकशेवीस, तेवढ्या तुकड्यांची वाकळ झाली. राजाला घेऊन सगुणा माळाच्या काठी आली व तिने वाकळ अंथरली.

धूम्रकेश धुरातून उभा राहिला. "माळ लांब किती?"

"आमची नदी उगमापासून खोऱ्याच्या तोंडापर्यंत वाहते. अशा बारा नद्या शेपटीला तोंड लावून ठेवा."

"पसरट किती?"

"हा एक तुकडा म्हणजे चाळीस गावांसकट आमचं खोरं. असे एकशेवीस तुकडे, ही सगळी वाकळ तुमचा माळ."

"आणि ज्याला समजायला हवं, त्याला समजलं का?"

सगुणा राजाकडे वळली. "महाराज, आपलं राज्य अशा किती खोऱ्यांएवढं?"

"नऊ," राजा म्हणाला. त्याने नऊ तुकड्यांवर हात फिरवला आणि पुढच्या तुकड्यांकडे बघत राहिला. त्याने पायातले जोडे काढले, मुकुट उतरवला, आणि मातीला कपाळ टेकलं.

"आजोबा चुकले. मीही नकाशावर याला बोटाने झाकत आलो. क्षमा असावी."

धूम्रकेशाचे डोळे निवले. "क्षमा मागायला इथे आजवर कोणी आलं नव्हतं," तो म्हणाला व वाऱ्यात विरला.

माळभर दगडांना पाझर फुटला. ज्या धन्यासाठी लुगडं फाटलं होतं तो उठला, मिठाचे जुने व्यापारी उठले. रायाजी अंगावरची माती झटकत आला.

"अक्का, फार वेळ लागला का गं मला?"

"सात वर्षं," ती म्हणाली आणि त्याचा चेहरा पदराने पुसू लागली.

राजाने माळावर दर एका दिवसाच्या वाटेवर विहीर व धर्मशाळा बांधली. सगुणेला सोनं देऊ केलं, तिने ते विहिरींना दिलं. खोऱ्यातल्या बायका अजून घागर बुडवताना तिचं, टिटवीचं आणि चाळीस गावांचं नाव घेतात. त्यांचं पाणी जसं आटलं नाही, तसं ऐकणाऱ्यांचंही आटू नये.