हंडाभर पाण्याची हद्द

साल अठ्ठावन्न की एकोणसाठ, हे मोजणीदार ओकांना आता खात्रीने सांगता येत नाही. मेळघाटातल्या त्या गावी डोंगराची धार हीच हद्द होती. पूर्वेच्या उतारावर सरकारी सागवान, पश्चिमेच्या उतारावर गाव. ओकांच्या नकाशात सुमरती कास्देकरची झोपडी पूर्वेला आली होती.

"उद्या झोपडी पाडा," वनाधिकारी गरजले. "नकाशा खोटं बोलत नाही."

सुमरतीने भरला हंडा अंगणात उपडा केला. पाणी सरळ पश्चिमेला धावलं.

"हे कसं काय?" साहेब ओरडलेच.

"मले काय इचारता, साहेब? नकाशा पान्याले दाखवा, म्हंजे वापस फिरन!"

ओकांच्या पायाखालची जमीन सरकली. साहेबांनी नकाशाची घडी केली. झोपडी वाचली.

बावीस वर्षांनी नव्या मोजणीत ओकांनी स्वतः पडताळून पाहिलं. त्यांनी आखलेली धार तीनशे फूट चुकली होती.