सैल दोर

“हलणारा पूल लोकांच्या पायाखाली द्यायचा कसा, बाबा?”

हेमांगी सुर्वेनं हे विचारलं ते खाडीच्या धक्क्यावर, भर दुपारी. समोर तिनंच आखलेला पूल उभा होता... दोन उंच खांब, आणि त्यांच्यापासून तिरक्या उतरलेल्या केबलींवर तोललेला रस्ता. संध्याकाळपर्यंत पूल खुला करायच्या कागदावर तिची सही हवी होती, आणि हात धजत नव्हता.

दाऊदबाबा पलीकडच्या दर्ग्याचे फकीर. पूर्वी याच खाडीत होडीनं माणसं ने-आण करायचे.

काल चाचणीसाठी वाळूनं भरलेले ट्रक पुलावर उभे केले, तर मधला रस्ता वीतभर खाली गेला होता. गणितात तेवढा जाणारच होता. पण ते पायांना जाणवलं आणि बाई बिथरली. आता म्हणत होती, सगळ्या केबली आणखी आवळते, मग बघू कसा हलतो ते! वरचे साहेब नको नको म्हणाले, तर त्यांनाही तिनं उडवून लावलं. कॉलेजात कायम पहिली आलेली, ती कुणाचं ऐकतेय?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझी होडी तेवढी बांध.”

ओहोटी सरून भरती नुकती लागत होती. हेमांगीनं पाण्यालगतच्या कडीला दोर असा करकचून बांधला की होडी तसूभर हलेना. स्वतःवरच खूश झाली.

बाबांनी कोरा चहा केला. दोघं प्यायली.

पाणी चढत गेलं. कडी बुडाली, गाठ बुडाली. होडी वर यायला बघत होती, दोर येऊ देईना. ती पुढून कलली आणि पाणी आत शिरू लागलं.

हेमांगी धावली. मांडीभर पाण्यात उभी राहून गाठीशी झटली, पण गाठ सुटते कसली! बाबांनी कोयता पुढे केला. तिनं दोर कापला.

होडी उसळून वर आली, डुलली आणि निवांत झाली. बाबांनी तिचं टोक धरून ठेवलं.

“काल ट्रक उतरल्यावर पुलाचं काय झालं?”

“आला की वर. होता तिथं...”

बोलता बोलता ती मटकन पायरीवर बसली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. हायसं वाटलं तिला. ओल्या हातानंच तिनं पिशवीतून कागद काढला, सही ठोकली.

“म्हणजे हलू दे म्हणता पूल?”

बाबांनी उरलेला दोर तिच्या हातात दिला.

“पुलातलं मला काय कळतंय, बाय. होडी बांध. या खेपेला दोर जरा लांब सोड.”