आवडायचा चिखल

खाडीवर पूल नव्हता, पलीकडं जायचं तर ओहोटीची वाट बघावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. माडवलीत आवडाय नावाची बाई राहायची. खाडीतली कालवं-शिंपल्या काढून पोट भरायची. चिखलावर सरपटणारे ते डोळे वटारलेले मासे, निवटे, तिच्याशी बोलायचे, असं म्हणतात. बोलत असतील बापडे, आपण कुठं ऐकायला गेलो होतो?

तर या आवडायनं गावाला एक विचित्र रीत लावली. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पोरांना कोरे कपडे घालून खाडीवर आणायचं. आवडाय एकेकाला चिखलात पालथं निजवायची आणि पोरानं पोटावर सरपटत काठ गाठायचा. आईनं काठावरून म्हणायचं, "मळू दे, मळू दे." का, ते आवडाय सांगायची नाही. पण कितीजणांना तिनं चिखलातून ओढून काढलेलं, तिचा शब्द मोडणार कोण?

द्वारकी मोडणार होती. ती घाटावरची लेक, तिला हा प्रकार म्हणजे निव्वळ खुळेपणा वाटायचा. स्वतःचं लग्नातलं लुगडं फाडून तिनं गोजरीला, आपल्या मुलीला, परकर शिवलेला. सासऱ्यानं गोजरीला खाडीवर नेलंच, पण द्वारकीनं काठावरून "मळू दे" काही म्हटलं नाही. परकराचे डाग काही निघाले नाहीत. तिनं आवडायशी अबोला धरला, उरल्या कापडाचा दुसरा परकर शिवला आणि लेकीला दम भरला, "याला डाग लागला तर याद राख."

शिमग्याच्या दिवसांत गोजरी बकरीच्या करडामागं खाडीत उतरली आणि कमरेपर्यंत रुतली. भरती लागलेली. द्वारकी धावत काठावर आली, तर पोर ताठ उभी, परकर दोन्ही हातांनी छातीशी वर धरून. सगळे ओरडत होते, "आडवी हो!" पोर आईकडं बघत होती आणि आणखी रुतत होती.

आवडायनं द्वारकीचा दंड धरला. "आमचं नाही ऐकायची ती. तू सांग."

द्वारकी ओरडली, "मळू दे गं बाय! मळू दे!"

गोजरीनं परकर सोडला आणि पालथी पडली. निवट्यांची रांग तिच्या पुढं वाट दाखवत चालली, आणि ती काठाला लागेतो भरतीचं पाणी होतं तिथंच थांबलं, असं म्हणतात. द्वारकीनं त्या चिखलाच्या गोळ्याला पोटाशी घेतलं आणि आवडायचे पाय धरले.

तेव्हा आवडायनं पहिल्यांदा या रीतीचं कारण सांगितलं. "माझा लेक धाकूही असाच उभा राहिला होता, सदरा वर धरून. मळवू नकोस म्हणून मीच सांगितलेलं. फार ऐकायचा माझं."

आवडाय गेली तेव्हा खाडीचा चिखल ती चालायची तिथं घट्ट झाला, असं म्हणतात. आता पूलही झालाय. तरी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माडवलीची पोरं कोऱ्या कपड्यांत चिखलात लोळतात, मुंबईची नातवंडंसुद्धा. पण त्यांच्या आधी एक लहानसा कोरा सदरा चिखलावर पालथा ठेवतात. ही द्वारकीनं घातलेली भर. मग गावातल्या साऱ्या आया काठावरून एका आवाजात म्हणतात, "मळू दे रे धाकू, मळू दे."