हेराच्या मनगटाचा धागा

ही गोष्ट मी कोणाला सांगू नये, असे आमच्या घरात ठरलेले आहे. आमच्या ग्रीक बेटावर आत्या-मावश्यांना थिया म्हणतात. बाबांची आत्या, थिया अर्गिरो, मला नेहमी बजावते, "बोटीने आलेल्यांना खांब दाखव, सावलीत बसव, पाणी दे. घरातलं घरात राहू दे." पण तुम्ही पाहुणे दरवर्षी त्या धाग्याबद्दलच विचारता, आणि तोंडाने सांगायला मला जमत नाही. म्हणून तिकीटघरातल्या अभिप्रायाच्या वहीत लिहून ठेवते.

टेकडीवर हेरादेवीच्या देवळाचे चार खांब उभे आहेत आणि पाचव्याचा गुडघ्याएवढा बुंधा उरला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी त्या बुंध्याला लोकरीचा पांढरा धागा बांधतात. तो पायऱ्या उतरतो, हद्दीच्या दगडावरून पुढे जातो आणि गावातल्या पहिल्या घराच्या दारात शिरतो. वाटेत ठरावीक अंतरावर एकेक बाई तो दोन बोटांत धरून उभी असते. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी विचारले, ही कपडे वाळत घालायची दोरी आहे का. आमची बेकरीवाली स्तामातिया म्हणाली, "हो, आणा तुमची विजार."

देऊळ अखंड होते, त्यावर लाल कौले होती, तेव्हाची ही गोष्ट आहे असे सांगतात. आत हेराची लाकडी मूर्ती होती. दर चार वर्षांनी गावातल्या बायका तिच्यासाठी नवे लोकरी वस्त्र विणत. त्या विणणाऱ्यांत तिमारेता नावाची म्हातारी प्रमुख होती. तिचे घर गावातले पहिले, देवळाला सगळ्यांत जवळचे. त्या वर्षीचे पिवळे वस्त्र विणून पेटीत ठेवले होते आणि उत्सव पाच दिवसांवर आला होता.

त्याच सुमारास बंदरात तेलाचे एक गलबत लागले आणि त्यावरून एक गुलाम बाई पळाली. ती उत्तरेकडच्या थ्रेस मुलखातली, म्हणून गोष्टीत तिला थ्राता म्हणतात. तिचे खरे नाव कोणी विचारले होते की नाही, माहीत नाही. ती टेकडी चढून आली आणि वेदीला मिठी मारून बसली. देवीचे काहीही धरून बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही, असा तेव्हाचा कायदा होता. मागोमाग मालक आला. त्याने तिच्याकडे पाहिले आणि हद्दीच्या दगडाबाहेर घोंगडी पसरून बसला. त्याला घाई नव्हती, कारण थ्राताचे दिवस भरले होते.

देवीच्या जमिनीवर कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये, हाही तेव्हाचाच कायदा. कळा सुरू झाल्या की तिला बाहेर न्यावे लागणार. बाहेर पाऊल पडले की ती मालकाची, आणि पोटातले मूलही त्याचेच. मुलगा झाला तर खाणीत पाठवीन, असे तो मोठ्याने म्हणत होता. तिला ऐकू जावे म्हणूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. तेव्हा तिमारेता पुजाऱ्याकडे गेली, म्हणे.

"वेदी धरली की देवीचा आसरा मिळतो ना?"

"मिळतो."

"आणि मूर्तीचा हात धरला तर?"

"तरी मिळतो."

"हाताला धागा बांधला आणि त्याचं दुसरं टोक धरलं तर?"

 पुजारी म्हणाला, "तिमारेता, तू विणकामच करत राहिली असतीस तर बरं झालं असतं." पण नाही म्हणता येईना.

बायकांनी घराघरांतून सूत आणले, गाठी मारल्या, एक टोक हेराच्या मनगटाला बांधले आणि दुसरे थ्राताच्या. हद्दीबाहेर नुसता खडक होता आणि मालकाची माणसे होती. पहिले छप्पर तिमारेताचेच. थ्राता दोघींच्या खांद्यांवर भार टाकून उतरू लागली. धागा काट्यांत अडकू नये म्हणून वाटेवर बायका उभ्या राहत गेल्या. मालक शेजारून चालत होता. "एका धाग्याची तर गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुटला की ती माझी."

धागा तुटला नाही. तो संपला. अंजिराच्या वळणावर तो ताणला गेला आणि थ्राता मधेच रस्त्यावर बसली. घर साठ पावलांवर होते. गावात आणखी सूत नव्हते, कारण वर्षाची सगळी लोकर देवीच्या वस्त्रातच गेली होती.

तिमारेता घरात गेली आणि पेटी उघडून ते वस्त्र घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात कात्री होती. काठाच्या गाठी कापल्याशिवाय विणलेले उसवता येत नाही. तिची सून आडवी आली.

"सासूबाई, उत्सवाला देवी काय नेसेल?"

"जुनं नेसेल. तिला काय थंडी वाजते?"

"आणि देवी रागावली तर?"

"तिलाही लेकरं झालीत," तिमारेता म्हणाली आणि तिने काठ कापला.

ती वळणावर बसून उसवत होती आणि दोघी जणी धागा पुढे नेत होत्या. उसवलेली लोकर सरळ होत नाही, तिच्यात लाटा राहतात. त्या लाटांच्या पिवळ्या धाग्याने थ्राता उंबऱ्याच्या आत पोहोचली आणि दुपारी तिला मुलगी झाली. आई देवीच्या हातात असताना जन्मलेले मूल देवीचे, असे पुजाऱ्याने जाहीर केले. मालक नऊ दिवस दारासमोर बसून राहिला. एकतीस बायकांनी पाळ्या लावून धागा धरून ठेवला. दहाव्या दिवशी वारा फिरला. हिवाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आत तेल पोहोचवायचे होते, म्हणून तो निघाला. जाताना त्याने दाराकडे वळूनही पाहिले नाही, असे सांगतात. मला वाटते, पाहिले असेल.

त्या उत्सवात हेरा जुन्याच वस्त्रात होती. पुढे काही वर्षांनी भूकंप झाला आणि देवळाचे छप्पर कोसळले. काही म्हणाले, देवीच्या वस्त्राला कात्री लावली त्याचे हे फळ. काही म्हणाले, चार खांब उभे राहिले ते त्या धाग्यामुळे. दोन्ही मानणारे लोक गावात अजून आहेत.

आजही धागा अंजिराच्या वळणापर्यंत पांढरा असतो आणि तिथून पुढे पिवळा, उसवलेला. तो आमच्या घरात येतो, कारण तिमारेताचे घर म्हणे इथेच होते. गावात आम्हाला कात्रीवाले म्हणतात. शाळेत माझ्या जवळून जाताना मुली स्वेटर सावरतात आणि हसतात. आमच्या घरच्या बायकांनी दार उघडे ठेवायचे, पण धाग्याला हात लावायचा नाही. थिया एक्याऐंशी वर्षांची आहे. तिने तो एकदाही धरलेला नाही. दर वर्षी ती दाराच्या आत खुर्चीवर बसते, हात मांडीवर ठेवून.

पण एकतीस जणी लागतात, आणि गावातल्या बऱ्याच बायका मुलांकडे अथेन्सला राहायला गेल्या आहेत. आज सकाळी एकोणतीसच जमल्या. त्यावर वाटेत बराच वाद चालला होता, तो मला इथे खिडकीतून ऐकू येत होता. आता स्तामातिया हाक मारते आहे, "मर्सिनी, मिट ती वही आणि ये. वळणावर दोघी कमी आहेत. थियालाही आण, तिच्यासाठी तिथं खुर्ची ठेवली आहे." थिया हो म्हणेल की नाही, मला सांगता येत नाही. पण तिच्या सणाच्या चपला, ज्या एरवी पेटीत असतात, त्या आज पहाटेपासून पुसून दाराशी ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून आधी मी घरी जाऊन तिला हाक मारते.